गायनाचा तास : गुरुगृहापासून शाळेपर्यंत

शाळेच्या वेळापत्रकात आठवड्यातून एखादा तास 'गायन' अथवा 'संगीत' या नावाने छापलेला असतो. परीक्षा जवळ आली की तो गणितास दिला जातो. इतर विषयांचा अभ्यासक्रम मागे पडला की तो त्या विषयांच्या वाट्यास जातो. वार्षिक संमेलनास मोठे पाहुणे यावयाचे असले म्हणजे मात्र त्याची आठवण होते आणि स्वागतपद्य बसविण्याकरिता चार-सहा मुलामुलींस वर्गातून बोलावून नेण्यात येते. पाहुणे परत गेले की पेटी पुन्हा कपाटात जाते. हा अनुभव आपल्या बहुतेक घरांस परिचित आहे आणि त्यात काही वावगे घडते असे कोणास फारसे वाटतही नाही.

परंतु हा तास शाळेत आला कसा, तो कोणी आणला आणि तो आणण्यासाठी कोणास काय सोसावे लागले, हा इतिहास पाहिला तर त्या तासाकडे इतक्या सहजतेने पाहणे आपणांस शक्य होणार नाही, असे आम्हांस वाटते. शाळेत गायन आले ते गवई निर्माण करण्यासाठी आले नाही. ज्या विद्येची दारे जन्माने, पैशाने किंवा गुरूच्या मर्जीनेच उघडत असत, ती विद्या कोणत्याही घरातील मुलास मिळावी यासाठी ते आले. आज तो तास हातचा गेला तर ही दारे पुन्हा बंद होतील. म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांपुढे त्या इतिहासाची थोडी उजळणी करण्याचे आम्ही योजिले आहे.

गुरुगृहाची वाट

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास महाराष्ट्रातील एखाद्या मुलास ख्याल शिकावयाचा असेल तर त्यास घर सोडून उत्तरेची वाट धरावी लागे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांचे उदाहरण या बाबतीत सर्वांत बोलके आहे. १८४९ साली जन्मलेल्या बाळकृष्णबुवांनी विद्येसाठी गावोगाव पायपीट केली, धारेस देवजीबुवांच्या घरी राहून पडेल ते काम केले, उपेक्षा सोसली आणि शेवटी ग्वाल्हेरच्या परंपरेतील वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशी त्यांची तळमळ फळास आली. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणून रुजविण्याचे श्रेय त्यांजकडे जाते. पुढे मिरज व इचलकरंजी येथे त्यांनी अनेक शिष्य तयार केले. १९२६ साली ते निवर्तले.

ही कथा आपण कौतुकाने सांगतो व ते योग्यच आहे. तथापि तिची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. एक बाळकृष्णबुवा ग्वाल्हेरपर्यंत पोहोचले, पण किती जण अर्ध्या वाटेवरून परत फिरले असतील याची नोंद कोणी ठेवलेली नाही. उस्तादाने शागीर्दास गंडा बांधावा, वर्षानुवर्षे सेवा घ्यावी आणि मर्जी झाली तर चीज सांगावी, हा त्या काळचा रिवाज होता. अनेक घराण्यांत काही चिजा व राग हे खाजगी मालमत्तेप्रमाणे जपले जात. आपल्या मुलाबाळांचे पोट ज्या विद्येवर चालावयाचे, ती विद्या परक्याच्या हाती सहज देणे त्या मंडळींस परवडणारेही नव्हते. तेव्हा त्यांना एकट्यांना दोष देण्याचे कारण नाही. आश्रयदाता संस्थानिक होता तोवर पोट भरत असे. संस्थानिकाची मर्जी फिरली की चंबूगबाळे आवरावे लागे.

मुलींची गोष्ट याहून निराळी होती. कुलीन म्हणविणाऱ्या घरांत मुलीने जात्यावरची ओवी म्हणावी, पाळणा म्हणावा, मंगळागौरीस फेर धरून गावे. मात्र तंबोरा मांडीवर घेऊन बसू नये, असा दंडक होता. शास्त्रोक्त गाणे गाणाऱ्या स्त्रिया देवळांच्या सेवेशी बांधलेल्या कलावंत घराण्यांतील किंवा कोठीवरच्या असत. त्यांचे गाणे ऐकावयास समाजातील प्रतिष्ठित पुरुष जात, पण त्या स्त्रियांना आपल्या घरात प्रतिष्ठेने बसविण्याची त्यांची तयारी नसे. म्हणजे विद्या एकीकडे, प्रतिष्ठा दुसरीकडे आणि या दोहोंच्या मध्ये एक भिंत, अशी त्या वेळची स्थिती होती. ही भिंत प्रथम कोठे हलली ते आता पाहू.

मुंबई, पुणे व बडोदे

मुंबईत १८७० साली कैखुश्रू काबराजी यांच्या पुढाकाराने पारशी गायन उत्तेजक मंडळी स्थापन झाली. पुण्यात १८७४ साली पुणे गायन समाज निघाला. सुशिक्षित गृहस्थांनी एकत्र जमून चांगले गाणे ऐकावे, त्याचे शास्त्र समजून घ्यावे आणि आपल्या घरच्या मंडळींस ते शिकविण्याची सोय करावी, हा अशा मंडळांचा हेतू होता. सभासदांची वर्गणी हा आता आश्रयाचा एक नवा प्रकार झाला. एका धन्याच्या मर्जीच्या जागी अनेक लहान हातांची मदत आली. आपल्यासारख्या सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे.

याहून मोठे पाऊल बडोद्यास पडले. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या एका साध्या घरातून दत्तक जाऊन १८७५ साली बडोद्याच्या गादीवर आलेले सयाजीराव गायकवाड हे शिक्षणाचे कट्टे पुरस्कर्ते होते. त्यांच्या आश्रयाने १८८६ साली मौलाबक्ष यांनी बडोद्यात गायनशाळा सुरू केली. १८३३ साली जन्मलेले मौलाबक्ष हे विलक्षण गृहस्थ होते. हिंदुस्थानी गाण्यात ते तयार होतेच. त्याखेरीज त्यांनी दक्षिणेत जाऊन कर्नाटक संगीताचाही अभ्यास केला होता. गाणे कागदावर लिहिता यावे म्हणून त्यांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली व मुलांसाठी क्रमिक पुस्तके लिहिली. दरबारातील एक उस्ताद फळ्यापुढे उभा राहून सामान्य घरांतील मुलांस सरगम शिकवीत आहे, हे दृश्य त्या काळात किती नवे असेल याची आज कल्पना करणेही अवघड आहे. ज्या सयाजीरावांनी १९०६ साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्यांच्याच राज्यात संगीताचीही शाळा सरकारी खर्चाने चालावी, यात एक सुसंगती आहे. अक्षर आणि स्वर ही दोन्ही प्रजेची हक्काची धने होत, असे त्या राजाने कृतीने सांगितले. ती गायनशाळा आज बडोदे येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला-प्रयोगाच्या विद्याशाखेच्या रूपाने उभी आहे.

विष्णु दिगंबर

सरकारी आश्रयाने जे बडोद्यास झाले, ते लोकाश्रयाने करून दाखविण्याचा मान पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचा आहे. १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे एका कीर्तनकाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. बालपणी दारूकामाच्या अपघातात त्यांच्या डोळ्यांस इजा झाली व शालेय शिक्षण खुंटले. दृष्टी अधू झालेला हा मुलगा मिरजेस बाळकृष्णबुवांपाशी गाणे शिकू लागला. मिरजेतील एका समारंभास आपणांस निमंत्रण आहे, परंतु आपल्या गुरूंस व इतर गवयांस ते नाही, कारण गवयाची गणना प्रतिष्ठितांत होत नाही, हे पाहून त्यांच्या मनास जो चटका बसला, त्यातूनच पुढील कार्याचा संकल्प झाला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. फिरत फिरत ते पंजाबात गेले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली.

पंडितजींनी केलेल्या गोष्टी आज आपणांस इतक्या परिचयाच्या झाल्या आहेत की त्या कोणी प्रथम केल्या असतील हेच ध्यानात येत नाही. ठराविक वेळेचा वर्ग, ठराविक शुल्क, वर्षाचा अभ्यासक्रम, छापील पुस्तक, परीक्षा आणि पदवी, हे सर्व त्यांनी संगीतास लागू केले. स्वतःचा छापखाना घातला व वाद्ये तयार करण्याचा कारखाना काढला. तिकीट लावून जाहीर जलसे केले. त्यामुळे पैसे मोजणाऱ्या कोणासही गाणे ऐकता येऊ लागले. शृंगारिक चिजांच्या ठिकाणी संतांची पदे रागांत बांधून त्यांनी घरंदाज कुटुंबांचा संकोच दूर केला. स्त्रियांच्या शिक्षणाची स्वतंत्र सोय केली. यांपैकी सर्वांत दूरदृष्टीची योजना उपदेशक वर्गाची होती. निवडक विद्यार्थ्यांनी नऊ वर्षे विद्यालयात राहून शिकावे, त्यांच्या अन्नवस्त्राचा भार विद्यालयाने वाहावा आणि तयार झाल्यावर त्यांनी इतरांस शिकवावे, अशी ही योजना. शाळा काढावयाच्या तर आधी शिक्षक पाहिजेत, हे त्यांनी ओळखले होते.

१९०८ साली मुंबईस विद्यालयाची शाखा निघाली आणि पुढे तिच्यासाठी मोठी इमारत उभी राहिली. परंतु कर्जाचा डोंगर वाढत गेला व अखेर ती इमारत लिलावात गेली. ज्यांनी शेकडो मुलांस शिकविले त्यांच्या हाती उतारवयात वास्तू उरली नाही. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचे देहावसान झाले. मात्र शिष्यरूपाने पेरलेले बी वाया गेले नाही. त्याच वर्षी गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना झाली. १९३२ साली विनायकबुवा पटवर्धनांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले. प्रा. बा. र. देवधरांनी मुंबईत १९२५ सालीच संगीतशाळा सुरू केली होती. पं. ओंकारनाथ ठाकूर व पं. नारायणराव व्यास यांची कीर्ती सर्वश्रुत आहे. पं. नारायण मोरेश्वर खरे हे साबरमतीच्या आश्रमात जाऊन राहिले, तेथील प्रार्थना त्यांनी स्वरात बसविल्या आणि १९३० सालच्या दांडीयात्रेत ते गांधीजींबरोबर चालले. तानसेन निर्माण झाले नाहीत तरी चालतील, पण कानसेन निर्माण झाले पाहिजेत, या अर्थाचे उद्गार पंडितजींच्या नावावर सांगितले जातात. शालेय संगीताचे याहून नेमके ध्येय आजवर कोणी मांडले आहे असे आम्हांस वाटत नाही.

स्वर कागदावर आला

याच काळात मुंबईतील एक वकील दुसऱ्या मार्गाने हेच काम करीत होते. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी वाळकेश्वर येथे झाला. वकिली बाजूस सारून त्यांनी देशभर प्रवास केला, ग्रंथ तपासले, गवयांस गाठले, आणि जयपूर, रामपूर अशा ठिकाणच्या खानदानी उस्तादांकडून मिळविलेल्या शेकडो चिजा स्वरलिपीत उतरवून क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापल्या. रागांची व्यवस्था त्यांनी दहा थाटांत लावली. १९१६ साली बडोद्यास भरलेली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद त्यांच्याच परिश्रमांचे फळ होते. १९१८ साली ग्वाल्हेरचे माधव संगीत महाविद्यालय व १९२६ साली लखनौचे मॅरिस कॉलेज निघाले ते त्यांच्या मार्गदर्शनाखाली. लखनौची ती संस्था आज त्यांच्याच नावाने विद्यापीठ झाली आहे. १९ सप्टेंबर १९३६ रोजी ते निवर्तले.

पलुसकर व भातखंडे या दोन्ही विष्णूंच्या स्वरलिपी मात्र निराळ्या. भातखंडे मंद्र सप्तकातील स्वराच्या खाली बिंदू देतात व तार सप्तकातील स्वराच्या वर. पलुसकर पद्धतीत मंद्र स्वराच्या डोक्यावर बिंदू येतो व तार स्वरावर उभी रेघ. भातखंडे कोमल स्वराखाली आडवी रेघ ओढतात, पलुसकर त्याचा पाय हलन्त चिन्हाने मोडतात. एका पद्धतीत समेस फुलीसारखी खूण आहे, दुसरीत ती 'एक' या आकड्याने दाखवितात. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात गेलेल्या मुलाची यामुळे त्रेधा उडते आणि वरचा स्वर खालचा व खालचा वरचा होऊन बसतो. तरीही लिपी आली म्हणून चीज उस्तादाच्या कंठातून निघून पुस्तकात आली आणि आठ आण्यांचे पुस्तक विकत घेणाऱ्याचीही ती झाली, हा तिचा उपकार विसरता येत नाही.

लिपीची मर्यादाही सांगितली पाहिजे. रागाचा सांगाडा कागदावर उतरतो, पण मींड, आंदोलन, स्वराचा लगाव या गोष्टी उतरत नाहीत. भैरवातील कोमल रिषभ आणि मारव्यातील कोमल रिषभ यांस लिपीत एकच चिन्ह आहे. कानाला मात्र ते सारखे लागत नाहीत. वर्गात चाळीस मुले आणि एक पेटी असली म्हणजे पेटीचा पक्का स्वर हाच काय तो स्वर, अशी समजूत होते. आकाशवाणीने १९४० ते १९७१ या काळात पेटीस मज्जाव केला होता, त्यामागे या प्रकारचाच आक्षेप होता. आमच्या मते पेटी टाकून देण्याची आवश्यकता नाही. चाळीस मुलांस सुरात धरून ठेवण्याचे सामर्थ्य तिच्यात आहे. परंतु पेटीबरोबर शाळेत एक तंबोरा असावा आणि तासाच्या आरंभी पाच मिनिटे मुलांनी डोळे मिटून षड्ज ऐकावा. मिरजेतील शिकलगार मंडळींनी शस्त्रांस धार लावणारे हात वाद्यांकडे वळविले आणि पंढरपूरकडील भोपळ्यांपासून तंबोरे घडविले, त्यास दीड शतकाहून अधिक काळ लोटला. मिरजेच्या तंबोऱ्यास व सतारीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या महाराष्ट्रात हे वाद्य बनते, त्याच महाराष्ट्रातील बहुसंख्य मुलांनी ते केवळ चित्रात पाहावे, ही खेदाची गोष्ट आहे.

गोमंतकाचा धडा

शाळेत संगीत सर्वांस शिकविले तर काय होते, याचे एक जुने उदाहरण आपल्या शेजारीच आहे. गोमंतकात पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडून गावोगाव शाळा निघाल्या. तेथे मुलांस प्रार्थनेबरोबर स्वरवाचन व व्हायोलिन शिकविण्याची प्रथा पडली. शिकविणाऱ्यास मेस्त्री म्हणत. या शाळांचा हेतू धर्मकार्यात गाणारे व वाजविणारे तयार करणे हा होता. कलावंत निर्माण करण्याचा कोणाचाही संकल्प नव्हता. परंतु पिढ्यान्‌पिढ्या हे शिक्षण चालल्यामुळे साध्या शेतकऱ्याचा किंवा खलाशाचा मुलगाही कागदावरचा स्वर वाचून वाजवू लागला.

पुढे मुंबईत बोलपट आले, मोठे वाद्यवृंद आले, आणि लिहिलेले संगीत पाहताक्षणी वाजविणाऱ्या माणसांची गरज पडली. ती माणसे गोमंतकातील या शाळांतून आली. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांसारख्या गोमंतकीय वादकांनी व संयोजकांनी हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ उभा केला. माजोर्डे गावच्या गोन्साल्विस मास्तरांपाशी प्यारेलाल यांच्यासारखे पुढे नामवंत झालेले संगीतकार शिकले. गावच्या शाळेतील एका साध्या तासाने दोनतीनशे वर्षांनंतर एका मोठ्या शहरात शेकडो कुटुंबांची चूल पेटविली, असे म्हणण्यास हरकत नाही. संगीत शिकून पोट भरते काय, असा प्रश्न आपल्या घरांतून वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर गोमंतकाने दिले आहे. मात्र ते उत्तर कोणत्या एका मुलास दिलेले नसून एका समाजाला दिलेले आहे.

आपल्या बाजूलाही असेच दुसरे उदाहरण आहे. जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. ग्रामीण घरांतील मुले तेथे अभंग, टाळ व मृदंग शिकून बाहेर पडतात आणि गावोगावचे सप्ताह उभे करतात. त्या मुलांचे गाणे मैफलीच्या मापाने मोजण्याचे कारण नाही. शंभर माणसांनी एका लयीत टाळ वाजविणे ही एक मोठी सामाजिक शिस्त आहे आणि ती उपदेशाने येत नाही.

स्वराज्यातील वाटचाल

१९३७ साली वर्धा येथे गांधीजींच्या नेतृत्वाखाली मूलोद्योगी शिक्षणाची योजना पुढे आली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा जो अभ्यासक्रम आखला, त्यात मातृभाषा, गणित, विज्ञान यांच्या बरोबरीने संगीत हा विषय घातलेला आहे. चरख्याच्या आणि शेतीच्या शाळेत, जेथे पैचा हिशेब होता, तेथेही गाण्यास स्थान होते, ही गोष्ट बोलकी आहे. गाणे ही श्रीमंतांची चैन आहे असे त्या योजनेच्या कर्त्यांनी मानले नाही.

स्वातंत्र्यानंतर डॉ. बाळकृष्ण केसकर हे १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खात्याचे मंत्री होते. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती व ते लोकांपर्यंत पोहोचविण्यासाठी त्यांनी पुष्कळ केले. परंतु लोकांची अभिरुची सुधारावी म्हणून आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार करण्यात आली, तेव्हा श्रोत्यांनी सरळ रेडिओ सिलोनची सुई धरली. यातून घेण्यासारखा बोध स्पष्ट आहे. अभिरुची मंत्र्याच्या हुकमाने उत्पन्न होत नाही. ती लहानपणी, वर्गात, स्वतःच्या कंठाने गाऊन उत्पन्न व्हावी लागते. ज्या मुलाने स्वतः एक भूप गायिला आहे, त्यास पुढे चित्रपटगीत ऐकतानाही त्यातील भूप सापडतो व त्याचा आनंद दुणावतो.

त्यानंतर अनेक आयोग झाले. २००५ सालच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षण हा शालेय शिक्षणाचा अविभाज्य भाग मानला. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासाचे विषय व अभ्यासेतर विषय असा कडक भेद राहू नये असे सांगितले. महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेत कलानिपुण विद्यार्थ्यांस वाढीव गुण देण्याची तरतूद २०१७ साली झाली. कागदावर सर्व काही आहे. परंतु कागदावरचा राग आणि गळ्यातला राग यांत जे अंतर, तेच येथेही आहे. शिक्षक नेमला जात नाही तोवर धोरण गाऊ शकत नाही. वाढीव गुणांसाठी परीक्षांची प्रमाणपत्रे गोळा करण्याची धावपळ मात्र घरोघर दिसू लागली आहे. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या पायऱ्या पलुसकरांच्या परंपरेने बांधल्या त्या मुलास वर नेण्यासाठी. पायऱ्यांची संख्या मोजणे म्हणजे गाभाऱ्यात पोहोचणे नव्हे.

ऋण कोणाचे?

येथे एक अप्रिय सत्य सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. संगीत शाळेत आले, सुशिक्षित घरांत आले, 'सभ्य' झाले. परंतु ज्यांनी ते शतकानुशतके जिवंत ठेविले त्यांपैकी पुष्कळांस या नव्या वास्तूत जागा मिळाली नाही. ज्या मुसलमान उस्तादांच्या कंठातून चिजा घेतल्या, त्यांना अशिक्षित व लहरी ठरविण्यात आले. खुद्द भातखंड्यांच्या लेखनात असे कठोर शेरे आढळतात. बडोद्याच्या पहिल्या गायनशाळेचा संस्थापक मौलाबक्ष होता, हेही आपण सांगावयास विसरतो. कलावंत घराण्यांतील स्त्रियांविषयी तर बोलावयासच नको. त्यांचे गाणे घरंदाज घरांनी घेतले, पण त्यांची नावे घेताना संकोच केला.

तरीही केरी गावच्या केसरबाई केरकर आणि कुर्डी गावच्या मोगूबाई कुर्डीकर यांनी अल्लादियाखाँसाहेबांपाशी कठोर तपश्चर्या करून जे स्थान मिळविले, त्यापुढे सर्वांस मान लवविणे भाग पडले. केसरबाईंना १९६९ साली व मोगूबाईंना १९७४ साली पद्मभूषण मिळाले. १९७७ साली अमेरिकेने आकाशात सोडलेल्या व्हॉयेजर यानांतील तबकडीवर पृथ्वीवरच्या मोजक्या संगीतात केसरबाईंची भैरवी आहे. ज्या स्त्रियांस आपल्या पूर्वजांनी उंबऱ्याच्या आत घेतले नसते, त्यांपैकी एकीचा स्वर आज सबंध मानवजातीचा म्हणून सूर्यमालेबाहेर जात आहे. आपल्या मुलींस आज निःसंकोचपणे गाणे शिकता येते, त्यामागे पलुसकरांची पुण्याई आहे तशी या स्त्रियांची सोशिकताही आहे. शाळेत संगीत शिकवावयाचे तर हा इतिहासही शिकविला पाहिजे. तसे न केल्यास आपण चीज घेऊन ऋण बुडविणारे ठरू.

आपले कर्तव्य

पूर्वी भिंत जन्माची होती, आता ती पैशाची होत आहे. शाळेतील तास नाहीसा झाला म्हणून संगीत नाहीसे होत नाही. ते खाजगी शिकवणीत जाते. शहरात ज्यास शुल्क परवडते त्याचे मूल शिकते. आपल्याच ज्ञातीतील खेड्यात राहणाऱ्या किंवा चाळीत वाढणाऱ्या मुलाचा गळा कितीही गोड असला तरी त्यास सा कोठे लावावा हे सांगणारा भेटत नाही. बडोद्यास १८८६ साली जी विद्या सर्वांची म्हणून मोकळी झाली, ती अशा रीतीने पुन्हा मोजक्यांची होऊ पाहत आहे. गमतीची गोष्ट ही की यात कोणी कोणास मज्जाव केलेला नाही. केवळ आपण सर्वांनी दुर्लक्ष केले आहे.

यावर काय करता येईल? फार मोठ्या गोष्टी आम्ही सुचवीत नाही. मुलास शाळेत घालताना आपण गणिताचे व इंग्रजीचे शिक्षक कोण हे विचारतो. संगीताचे शिक्षक कोण आणि तास प्रत्यक्ष होतो काय, हेही विचारावे. पालकांनी विचारणा केली की शाळांस उत्तर द्यावे लागते. आपल्या गुणगौरव समारंभात टक्केवारीवर बक्षिसे दिली जातात, त्यांत एखादे बक्षीस गाणाऱ्या-वाजविणाऱ्या मुलासाठी ठेवावे, आणि ते प्रमाणपत्र पाहून न देता त्याचे गाणे ऐकून द्यावे. मुलांना उन्हाळ्याच्या सुटीत घरातील वृद्ध स्त्रियांपाशी बसवून ओव्या, पाळणे, लग्नातील गाणी शिकण्यास सांगावे. ती संगीतशाळा विनाशुल्क आहे, पण फार काळ उघडी राहणार नाही. ज्यांस शक्य असेल त्यांनी आपल्या जुन्या शाळेस एक तंबोरा द्यावा.

सगळी मुले गवई होणार नाहीत व होऊही नयेत. पण चाळीस मुले एका सुरात गात असताना प्रत्येकास दोन गोष्टी कराव्या लागतात : स्वतःचा आवाज मोकळा सोडणे आणि शेजाऱ्याचा आवाज ऐकणे. यांपैकी पहिली गोष्ट आपण मुलांस इतरत्र पुष्कळ शिकवितो, दुसरी शिकविण्याची जागा मात्र फार थोड्या ठिकाणी उरली आहे. ती जागा वेळापत्रकात छापलेली आहे. ती तेथून पुसली जाऊ नये एवढी दक्षता आपण सर्व कुटुंबांनी घ्यावी, ही आमची नम्र विनंती आहे.